रतांब्याचा डाग जात नाही, मग रंग का टिकत नाही?

प्रश्न : मे महिन्यात आमच्याकडे रतांबे फोडायचं काम चालतं. त्या दिवसांत नेसलेल्या जुन्या साड्यांवर जे डाग पडतात ते कितीही धुतले तरी जात नाहीत. काजूच्या बोंडांचे डाग तर त्याहून हट्टी. मध्यंतरी एका प्रदर्शनात पानांचे ठसे उमटलेली सुती ओढणी घेतली. विकणाऱ्या बाई स्वतःच ही कापडं रंगवतात. मी सहज विचारलं, "रतांब्याचा रंग का नाही वापरत? आमच्याकडे ढीग असतो." त्या म्हणाल्या, "तो टिकत नाही. हा रंग काजूच्या सालीचा आणि सागाच्या पानाचा." डाग जात नाही आणि रंग टिकत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? आणि हिरव्या पानाचा ठसा काळा-तपकिरी कसा काय उमटतो?
— एक वाचक भगिनी, देवबाग, ता. मालवण

उत्तर : त्या बाई खरं तेच बोलल्या, आणि तुमच्या साड्यांचा अनुभवही खोटा नाही. घरात रतांब्याचं आगळ असेलच. पांढऱ्या सुती चिंधीवर त्याचे दोन थेंब अंतर ठेवून टाका आणि वाळू द्या. एका डागावर कपड्याचा साबण ओला करून चोळा. लाल रंग तुमच्या डोळ्यांदेखत निळसर-करडा होईल. दुसरा डाग तसाच ठेवून चिंधी आठवडाभर कडक उन्हात टांगा. लाली उडून जाईल आणि मागे मातकट, पिवळट अशी एक खूण राहील. आपण ज्याला 'न जाणारा डाग' म्हणतो तो हा मातकट अवशेष. रतांब्याचा म्हणून जो लाल आपल्या डोळ्यांसमोर असतो तो केव्हाच निघून गेलेला असतो.

तो लाल म्हणजे अँथोसायनिन. जांभळाची जीभ रंगवणारा, जास्वंदीचा, गोकर्णाच्या फुलाचा रंग याच कुळातला. दिसायला देखणा, स्वभावाने चंचल. आंबट पाण्यात लाल, साबण-सोड्याच्या पाण्यात निळा, आणि उन्हात काही दिवसांत नाहीसा. पाण्यात चटकन विरघळतो आणि सुताला धरून राहावं असं त्याला काही वाटत नाही. म्हणून सोलकढीत तो शोभतो, साडीवर नाही. हळदीचंही असंच. साबण लागला की लाल होणारा आणि उन्हात वाळत घातल्यावर आपोआप जाणारा हळदीचा डाग कोणत्या घरात पाहिलेला नाही? हळद कापडावर पहिल्या दिवशी इतकी झळाळते की नवशिक्या रंगवणाऱ्यांना तिचा मोह आवरत नाही. दोन महिन्यांनी ते कापड बघावं.

मग मागे राहणारी मातकट खूण कशाची? ती तुरटपणाची. रतांब्याच्या सालीत, बोंडात, जांभळात, कच्च्या केळ्यात, सुपारीत जे जिभेला आवळतं ते टॅनिन. त्याचा हवेशी संबंध आला की ते काळवंडतं आणि सुताच्या धाग्यात मुरतं. बोंडाचा डाग हट्टी असतो तो याच कारणाने. झाडांच्या रंगांनी कापड रंगवणारी माणसं डोळ्यांइतकीच जिभेचीही मदत घेतात ती म्हणूनच. फूल कितीही भडक असो, तुरट साल त्याच्याहून भरवशाची.

आता काळ्या ठशाकडे येऊ. त्याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. केळफूल लोखंडी विळीवर चिरलं की पातं काळं पडतं, बोटंही काळी होतात, आणि चिरलेलं केळफूल आपण ताकाच्या पाण्यात टाकतो. केळफुलातलं टॅनिन आणि विळीचं लोखंड एकत्र आलं की काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. ओढणीवरचा काळा ठसा म्हणजे नेमकं हेच. फरक इतकाच की तिथे विळीऐवजी हिराकस असतो, म्हणजे लोखंडाचा क्षार. पूर्वी तो विकत घेण्याचीही गरज नसे. गंजके खिळे, तुटके नाल, पत्र्याचे तुकडे गुळाच्या पाण्यात पंधरा-वीस दिवस आंबवले की छपाईचं काळं पाणी तयार. राजस्थानातले आणि कच्छमधले छपाई कारागीर आजही ते असंच करतात.

इथे धातूचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी विद्या तिथेच आहे. सूत हा तसा अलिप्त धागा आहे. रेशीम आणि लोकर प्रथिनांची, त्यामुळे ती रंग सहज धरतात. सुताला बहुतेक वनस्पतिरंगांशी काही देणंघेणं नसतं. म्हणून आधी त्याला हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. हिरड्याचं टॅनिन सुतात शिरतं. मग तुरटीचं पाणी द्यायचं. तुरटीतलं अॅल्युमिनियम त्या टॅनिनला धरून बसतं आणि नंतर येणाऱ्या रंगालाही पकडून ठेवतं. या धातूंच्या क्षारांना रंगबंधक म्हणतात. तुरटीने रंग खुलतो, हिराकसाने तो काळवंडतो. एकाच सालीचा काढा, पण तुरटीच्या कापडावर बदामी आणि हिराकसाच्या कापडावर राखाडी. मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा जो तुकडा सापडला, तो मंजिष्ठेसारख्या रंगाने रंगवलेला होता. मंजिष्ठा रंगबंधकाशिवाय सुतावर बसत नाही. तेव्हा तुरटीसारखं काहीतरी सुताला लावायचं हे ज्ञान आपल्याकडे किमान चार हजार वर्षांचं आहे.

तुमच्या गावाचाही या विद्येशी संबंध आहे, आणि तो तुमच्या पत्रातल्या ओढणीपेक्षा जुना आहे. मालवणात कापड रंगवणाऱ्यांचे मोठे कारखाने होते असं मी म्हणणार नाही. रंगारी, भावसार, निळीचं काम करणारे निराळी यांची वस्ती मुख्यतः घाटावर. पण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक रंगकाम चालायचं, ज्याला कोणी रंगकाम म्हटलं नाही. ते म्हणजे जाळी. नायलॉन येण्याआधी जाळी सुताची किंवा तागाची असत. खारं पाणी, माशांचा चिकटा आणि ओल यांनी ती थोड्याच दिवसांत कुजायची. जंतू सुताचा धागा खातात, एवढंच त्यामागचं कारण. त्यावर कोकण किनाऱ्यावरचा उपाय म्हणजे सालीचा काढा. ऐनाची साल ठेचून मोठ्या भांड्यात उकळायची, त्या तांबड्या-तपकिरी पाण्यात जाळी बुडवून ठेवायची, वाळूवर पसरून वाळवायची, आणि रंग फिकटला की पुन्हा तेच. सालीतलं टॅनिन जंतूंना दाद देत नाही. कुठे कांदळाची साल, कुठे सुरूची, जगभरच्या किनाऱ्यांवर हीच रीत होती. म्हणजे रापणीची जाळी ओढणाऱ्या गाबीत मच्छीमारांना टिकाऊ रंग कोणता हे चांगलं माहीत होतं. रंग मिळत होता तो फुकट. त्यांना हवा होता टिकाऊपणा. आज ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजोबांना विचारा, सालीच्या काढ्याचा वास अजून आठवत असेल. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे ते भांडंही गेलं आणि ते कामही.

तुमची ओढणी ज्या पद्धतीने झाली तिला आज 'इको प्रिंट' म्हणतात. ठशांची छपाई वेगळी. तिथे लाकडी ठसा कोरलेला असतो आणि रंगबंधक किंवा रंग त्याने कापडावर दाबतात. इथे पान स्वतःच ठसा आणि पान स्वतःच रंग. कृती थोडक्यात सांगतो, म्हणजे काळ्या रेघा कुठून आल्या ते कळेल.

नवं कापड तसंच घेऊन चालत नाही. त्यात गिरणीची खळ आणि मेण असतं. धुण्याच्या सोड्यात तासभर उकळलं की पाणी पिवळट-गढूळ होतं. तेवढी खळ निघाली असं समजायचं. मग हिरडा. १०० ग्रॅम सुती कापडाला साधारण १५ ते २० ग्रॅम हिरड्याची पूड, रात्रभर. सुती साडी चारशे-पाचशे ग्रॅम भरते, त्या हिशेबाने घ्यायची. पिळून सावलीत वाळवायची, मग कोमट पाण्यात तितक्याच प्रमाणात तुरटी. कापड या टप्प्यावर फिकट पिवळं दिसतं, आणि बघणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही.

पानं निवडणं हा खरा भाग. किनाऱ्यावरच्या बदामाचं पान टॅनिनने भरलेलं असतं आणि हिराकसाशी काळं पडतं. एरंडाच्या पानाची कड फार स्वच्छ उमटते. काजूची, जांभळाची, पेरूची, डाळिंबाची पानंही चालतात. सागाचं कोवळं पान चोळलं की तळहात लाल होतो, हे कोकणातल्या प्रत्येक पोराला माहीत. तेच पान कापडावर जांभळट-लाल ते तपकिरी उमटतं. इंडोनेशियात या कामासाठी सागाचं पान फार लोकप्रिय आहे. जास्वंदीची पाकळी मात्र नको. तिची गत रतांब्यासारखीच.

हिराकसाचं पाणी अगदी पातळ करतात, लिटरभर पाण्यात लहान चमचाभर. पानं त्यात काही मिनिटं बुडवून, निथळून, कापडावर मांडायची. शिरा उठून दिसणारी खालची बाजू कापडाला लागेल अशी. वर दुसरं ओलसर कापड पसरायचं, आणि सगळं मिळून बांबूवर किंवा लोखंडी नळीवर घट्ट गुंडाळायचं. सुतळीने इतकं आवळायचं की बोट शिरू नये. गुंडाळी सैल राहिली की वाफ आत घुसते आणि ठसा पसरतो. कापड फार ओलं राहिलं तरी कडा फुटतात. मग दीड-दोन तास वाफ द्यायची. मोदकपात्र चालेल, पण त्यात परत मोदक करायचे नाहीत. हिराकस, तुरटी यांची भांडी वेगळी ठेवणं हा या कामातला पहिला नियम आहे, आणि घरगुती शिबिरांत तोच सर्वांत जास्त मोडला जातो.

गुंडाळी पूर्ण गार झाल्यावर सोडायची. पान कापडाला चिकटलेलं असतं. देठाकडून हळूच उचललं की खाली त्याचं चित्र असतं. जिथे शीर दाबली गेली तिथे बारीक गडद रेघ, शिरांच्या मधल्या मांसल भागात फिका रंग, आणि कडेबाहेर एखाद्या बोटाच्या रुंदीची करडी झाक, जिथवर हिराकसाचं पाणी झिरपलं. वरच्या कापडावर त्याच पानाचं उलट चित्र मिळतं. एकाच झाडाची दोन पानं सारखी उमटत नाहीत. मे महिन्यातलं राठ पान आणि श्रावणातलं रसरशीत पान तर दोन वेगळ्या झाडांची वाटावीत. पावसाळ्यात पानात पाणी जास्त, त्यामुळे ठसा बऱ्याचदा फिकट येतो. शिवाय सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कापड वाळत नाही आणि बुरशी धरतं. म्हणून दसऱ्यानंतरच या कामाला जोर येतो.

राहिला हिरव्याचा प्रश्न. पानाचा हिरवा रंग हा पाण्यात विरघळणारा नाही आणि सुताला धरणाराही नाही. त्यातच उष्णता लागली की त्याच्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि तो खाकी होतो. मेथीची भाजी जास्त शिजली की होते ना, तेच. वाफेच्या त्या दोन तासांत पानाचा हिरवा संपतो आणि आतलं टॅनिन तेवढं बोलतं. म्हणून झाडांच्या रंगांत हिरवा थेट मिळत नाही. आधी पिवळं रंगवून वर नीळ द्यावी लागते, आणि ते दोन वेगळे खटाटोप आहेत.

पिवळ्यासाठी मात्र सिंधुदुर्गाला कुठेही जायला नको. फणसाच्या लाकडाचा गाभा बघा. जुन्या घराच्या दारावरचा तो पिवळा गडद रंग मोरिन नावाच्या द्रव्याचा. श्रीलंका, म्यानमार, थायलंड इथल्या बौद्ध भिक्खूंची चीवरं पूर्वापार याच लाकडाच्या काढ्यात रंगवत. सुताराकडे पडलेला फणसाचा भुसा फडक्यात बांधून उकळला तर तुरटी दिलेल्या कापडावर उबदार पिवळा रंग चढतो, आणि थोडा हिराकस लागला तर शेवाळी. हळदीपेक्षा तो पुष्कळ टिकतो. मला विचाराल तर या जिल्ह्याचा स्वतःचा असा पिवळा रंग हाच, आणि आपण तो चुलीत घालतो.

दुसरी तशीच गोष्ट काजूची. तुमच्या बाईंनी सांगितलेली 'काजूची साल' म्हणजे बहुधा झाडाची साल नव्हे, तर गरावरची ती पातळ तांबूस सालपटं. वेंगुर्ला, कुडाळ, मालवण भागातल्या काजू कारखान्यांत गर सोलताना ती पोत्यांनी निघतात. टॅनिनने ती गच्च भरलेली असतात. तुरटीवर फिकट तांबूस-बदामी, हिराकसावर राखाडी ते जवळपास काळा. टरफलातला तो चीक मात्र लांब ठेवा. त्याने कातडी भाजते. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणलेलं झाड, आणि कोकणच्या अर्थकारणात इतकं मुरलं. त्याच्या बोंडाची दारू होते, गराची मिठाई, सालीचा रंग. नारळाची सोडणं, सुपारीचा पाक, कांद्याची सालं, देवळातला झेंडू, हेही सगळं असंच टाकाऊ आणि कामाचं.

टाकाऊवर भर देतोय त्याला कारण आहे. जाळ्यांच्या काळात ऐनाची साल काढत, पण तेव्हा रानही तेवढं होतं. आज झाडाची जिवंत साल भोवतीने सोलली तर झाड मरतं. ऐन, हिरडा, खैर, फणस, जांभूळ ही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडं आहेत, आणि कांदळवनाला हात लावणं तर गुन्हाच. पर्यावरणाच्या नावाने ओढणी विकायची आणि त्यासाठी डोंगरातली झाडं सोलायची, हा उफराटा धंदा मी पाहिला आहे. 'रसायनमुक्त' ही चिठ्ठीही मला खटकते. तुरटी आणि हिराकस ही रसायनंच आहेत, फक्त बेताची आणि बेताने वापरलेली. मोरचूद आणि क्रोमचे क्षार घालून रंग उजळवणारेही 'नैसर्गिक' म्हणूनच विकतात. विकत घेताना हे एवढं विचारावंच.

मग हे सगळं मधल्या काळात गेलं कुठे? १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने लंडनमध्ये कोल टारपासून जांभळा रंग काढला. १८६८ मध्ये मंजिष्ठाकुळातलं अलिझारिन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं. १८९६ मध्ये फॉसेट या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या रंगांवर आणि रंगाईवर एक पुस्तिका सरकारसाठी लिहिली, आणि दुसऱ्याच वर्षी बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. जणू जाणाऱ्या पाहुण्याची शेवटची नोंद. गंमत म्हणजे त्याआधीच इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसला नवे रंग इतके भडक आणि कच्चे वाटले की १८७५ ते १८७७ मध्ये तो लीक गावात थॉमस वॉर्डलच्या रंगशाळेत जाऊन जुन्या रंगांची विद्या शिकला, कोपरापर्यंत हात निळे करून. वॉर्डलने हिंदुस्थानातल्या रंगांचाही अभ्यास केला. आपण टाकलं ते कोणीतरी वेचत होतं.

परतीची वाट विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. काही अॅझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्यं सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये त्यांच्यावर निर्बंध आणले, १९९७ मध्ये भारतानेही अशा रंगांवर बंदी घातली, आणि निर्यातदारांना झाडांचे रंग एकदम आठवले. पानाचा ठसा घेण्याची आजची पद्धत जगभर पसरली ती मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या इंडिया फ्लिंट या कलावतीमुळे. २००८ मध्ये तिचं 'इको कलर' हे पुस्तक आलं. निलगिरीची पानं रेशीम-लोकरीवर रंगबंधकाशिवायही शेंदरी-लाल उमटतात ही तिची खासियत. तिच्या घरच्या लाटव्हियन परंपरेत ईस्टरची अंडी कांद्याच्या सालीत आणि पानांत गुंडाळून उकडतात, तिथून तिला कापडाची कल्पना सुचली. आता निलगिरीची जागा आपल्याकडे साग आणि बदाम घेतात. तुमच्या शेजारी सावंतवाडीत तर बॉस्को हेन्रिक्स यांनी उभी केलेली 'बायोडाय इंडिया' ही नैसर्गिक रंगाईची कंपनीच आहे. लोकांना सावंतवाडी म्हटलं की चितारआळीतली लाकडी खेळणी आणि गंजिफा आठवतात; हे तिसरं नाव फारसं कोणी घेत नाही.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही जोडलेले दोन छोटे प्रश्न.

प्रश्न : झाडांच्या रंगात पक्का लाल मिळतच नाही का?

उत्तर : मिळतो, पण फुलाफळातून नाही, मुळांतून. किनाऱ्यावर बारतोंडीचं झाड दिसतं, त्यालाच आळ म्हणतात. त्याच्या मुळांच्या सालीत लाल रंग असतो आणि तो तुरटीवर पक्का बसतो. पूर्वी वऱ्हाडात आणि मध्य भारतात आळीची शेती होती. तीन-चार वर्षांची झाडं मुळासकट खणून काढत. म्हणजे रंगासाठी झाड द्यावं लागे. आता मंजिष्ठा बाजारात मिळते, ती घ्यावी. पाणी मात्र बघून. विहिरीच्या पाण्याने हंड्याला तांबडा थर बसत असेल तर त्यात लोह आहे, आणि अशा पाण्यात लाल-पिवळा हमखास मळतो. जांभ्याच्या आणि रेडीसारख्या खाणींच्या भागात हे होऊ शकतं. कच्छमध्ये अजरख छापणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी २००१ च्या भूकंपानंतर धमडका सोडून अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं, त्यामागे पाण्यात वाढलेलं लोह हेही एक कारण होतं. रंगासाठी गाव सोडायचं, हे आपल्याला ऐकायला नवल वाटतं. त्यांना वाटलं नाही.

प्रश्न : ओढणी खरी की छापील, हे कसं ओळखायचं, आणि धुवायची कशी?

उत्तर : यंत्रावर छापलेल्या पानांत ठराविक अंतराने तेच पान परत येतं, भोकासकट. खऱ्या ठशात असं होत नाही. कापड उलटं करा. खरा ठसा मागेही थोडाफार झिरपलेला असतो. करड्या भागावर, पदराच्या आत कुठेतरी, लिंबाचा एक थेंब टाका. लोखंडाचा काळा रंग आम्लाने सुटतो आणि तिथे फिकट ठिपका पडतो. छापील रंग ढिम्म राहतो. हा ठिपका परत भरून येत नाही, तेव्हा चाचणी कोपऱ्यातच करा.

धुताना रिठा किंवा साधा सौम्य साबण, थंड पाणी, सावलीत वाळवणं. पावडर आणि ब्लीच नको. पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा रंग निघेल, तो वरवरचा असतो, घाबरू नका. ओली ओढणी बोळा करून ठेवू नका, कोकणच्या हवेत दोन दिवसांत ठिपके पडतात. लोखंडी खिळ्यावर किंवा गंजक्या तारेवर वाळत घालू नका; सुतातल्या हिरड्याला नवं लोखंड मिळालं की तिथे काळी रेघ उठते आणि ती मग तुमची. आणि ही ओढणी घेऊन जेवायला बसलात तर सोलकढीची वाटी जरा लांब ठेवा. रतांब्याचा लाल त्यावर टिकणार नाही, पण त्यातला आंबटपणा करडा ठसा तेवढा पुसून टाकेल.